ऋण काढून सण

आमचे वडील जमाखर्चाची वही लिहीत. वाण्याचे दहा रुपये देणे राहिले, तरी त्यांना धड झोप लागत नसे. ते फिटल्यावाचून दिवाळीच्या फराळाची कढई चुलीवर चढत नसे. कर्ज ही त्या काळी लपविण्याची गोष्ट होती.

मी मात्र गेल्या वर्षी घराचे कर्ज मंजूर झाले म्हणून स्टाफरूममध्ये पेढे वाटले! ३० लाख रुपये, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. हप्ता २६,९९२ रुपये. वर्ष पुरे झाल्यावर बँकेचा कागद आला. भरले होते जवळजवळ सव्वातीन लाख. त्यातून मुद्दल फिटले होते अवघे ५६ हजार!

"म्हणजे वर्षभरात आपली झाली ती फक्त मोरी," सौ. म्हणाली.

"तीसुद्धा पुरती नाही," मी म्हणालो.

मित्र समजूत घालतात, की घराची किंमत वाढते आहे, म्हणजे तू श्रीमंतच होतो आहेस. असेन बुवा! पण राहते घर विकून राहायचे कुठे? किंमत वाढते ती कागदावर. हप्ता जातो तो पगारातून.

ही कथा माझ्या एकट्याची नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे, २०२२-२३ मध्ये देशातील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत देशांतर्गत उत्पादनाच्या ५.१ टक्क्यांवर उतरली. देण्यांत त्या वर्षी पडलेली भर मात्र ५.८ टक्के होती; आदल्या वर्षी ती ३.८ टक्के होती. त्याच नोव्हेंबरात विनातारण ग्राहककर्जांचे नियम तिला कडक करावे लागले. घराचे कर्ज निदान भिंती तरी मागे ठेवते. सहलीचे कर्ज नुसते फोटो ठेवते!

परवा चिरंजीवांनी दिवाळीसाठी हप्त्यावर नवा फोन मागितला. मी काही न बोलता वडिलांच्या वहीची कोरी पाने उघडली आणि माझे कर्ज त्यांत लिहून त्याच्यापुढे ठेवले. त्याने बराच वेळ पाहिले. मग विचारले,

"बाबा, हे फिटेल तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल?"

"पासष्ट."

"आणि रिटायर?"

"साठाव्या वर्षी."

मधल्या पाच वर्षांचे हप्ते कोण भरणार, हे त्याने विचारले नाही. मीही सांगितले नाही. फोनचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. आपण मुलाला वहीऐवजी ओझेच तर दाखविले नाही ना, या विचाराने मी गप्प बसलो होतो. तेवढ्यात सौ. पिशवी घेऊन आत आली.

"पणत्या आणल्यात," ती म्हणाली, "आणि रोखीने हं!"