नारपोलीची वाट

खालाजानकडे नारपोलीला जायचे म्हणजे पूर्वी आमच्या घरात सणच असे. ठाण्याहून बस निघायची ती बाळकुम, कशेळीचा खाडीपूल, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा असे करत भिवंडीकडे जायची. पुलावर गाडी आली की अम्मी काच सरकवायच्या आणि खाडीचा वारा आत यायचा. सांदणांचा डबा आमच्या मांडीवर असायचा.

डिसेंबर 2024 मध्ये आम्ही दोघे मुलीला घेऊन त्याच वाटेने निघालो. थांब्यावर पाऊण तास उभे राहिलो, बस आली नाही. शेवटी शेअर रिक्षा केली. मागे आम्ही चौघे, पुढे ड्रायव्हरला खेटून आणखी एक. मेट्रोच्या खांबांमुळे रस्ता अरुंद झालेला. दोन्ही बाजूंनी कंटेनर आणि टेम्पो. मुलीने ओढणी नाकाला लावली ती खालाजानच्या दारातच सोडली.

नारपोलीत पाऊल टाकताच यंत्रमागांची खटखट कानावर येते. कुठे सायझिंगचे धुराडे, कुठे कापडाचे ताके भरलेला टेम्पो. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलुगू पद्मशाली, आगरी आणि जुने कोकणी मुसलमान या भिवंडीत वर्षानुवर्षे शेजारी नांदले. कामगार आत कापसाचे तंतू श्वासात घेतो आणि पाळी सुटल्यावर बाहेर डिझेलचा धूर घेतो. त्याच्या छातीला विसावा कुठेच नाही.

खालाजान शहात्तर वर्षांच्या. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. दोन्ही योजना चांगल्याच. पण सवलत बसमध्ये मिळते, रिक्षात नाही. आम्ही विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "कार्ड आहे रे, गाडी कुठे आहे?" मग हसू मावळले. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या नणंदेचा इंतकाल झाला. घरात पुरुषमाणूस नव्हते, रिक्षा दोनदा बदलावी लागली. त्या पोचल्या तेव्हा जनाजा उठून गेला होता. "शेवटचं तोंड बघायचं राहिलं," एवढेच त्या बोलल्या.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर धावली. पुढे 'गाव तेथे एसटी' हे ब्रीद राज्यभर पोचले. कोरोनापूर्वी अठरा हजारांच्या आसपास असलेला गाड्यांचा ताफा नंतर पंधरा हजारांच्या घरात आला. 2021 च्या दिवाळीपासून पुढे अनेक महिने संप चालला. त्या काळात ज्यांनी स्कूटर घेतली ते परत बसकडे वळले नाहीत. त्यांत आम्हीही आहोत, हे कबूल केले पाहिजे. बस कमी म्हणून प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून बस कमी, असे हे चक्र आहे.

याचा हिशेब हवेतही दिसतो. पंचेचाळीस माणसे एका बसमध्ये बसतात. त्यांनाच रिक्षांत तीन-तीन बसवले तर पंधरा रिक्षा लागतात. दहा किलोमीटरसाठी बसला दोन-सव्वादोन लिटर डिझेल पुरते. पंधरा रिक्षांना मिळून पाच किलोच्या आसपास सीएनजी लागतो. सीएनजीचा धूर काळा नसतो हे खरे, पण वातावरणात जाणारा कार्बन बसच्या दुपटीहून जास्त भरतो. शिवाय पंधरा गाड्यांनी अडवलेल्या रस्त्यावर मागचे ट्रक इंजिन चालू ठेवून उभे राहतात, तो धूर वेगळाच.

अंजूरफाट्याजवळ दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड स्टेशन आहे, पण तिथे प्रवासी गाड्या दिवसातून मोजक्याच. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर 2018 मध्ये झाली. मार्ग सुमारे पंचवीस किलोमीटरचा. मेट्रो जरूर यावी. पण ती मोठ्या रस्त्यावरून जाईल. गल्लीच्या तोंडापर्यंत येणारी बस तरीही लागेलच.

रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणे हाही सदका आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकवले. ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग ज्या धुराने शेजाऱ्याचे मूल खोकते, तो कमी करणे हेही त्याच शिकवणीत बसत नाही का? मोहल्ल्यातल्या वीस-पंचवीस घरांनी मिळून आगाराला आणि पालिकेला अर्ज द्यावा. त्यात कोणत्या थांब्यावर, किती वाजता, किती माणसे उभी असतात, हे आठवडाभर मोजून लिहावे. आणि बस आली की आपण तिच्यात बसावे. रिकाम्या गाडीची बाजू कोणीही मांडू शकत नाही.

संध्याकाळी खालाजानना दोन दिवसांसाठी आमच्याकडे न्यायचे ठरले. मगरिबची नमाज झाली आणि आम्ही थांब्यावर आलो. अर्ध्या तासाने बस आली. कंडक्टरने हात देऊन त्यांना वर घेतले, कार्ड पाहिले आणि शून्य रुपयांचे तिकीट हातात दिले. त्यांनी ते घडी घालून बटव्यात ठेवले. कशेळीच्या पुलावर गाडी आली तेव्हा त्यांनी खिडकीची काच सरकवली. मुलीने विचारले, "नानीजान, थंडी नाही वाजत?"

"वाजू दे," खालाजान म्हणाल्या. "किती दिवसांनी खाडी बघतेय."