दोन अक्षरं

आईचा तोल जायला लागला तेव्हा आम्ही आधी तिच्या चपला बदलल्या, मग चष्मा. मग पेला तोंडाशी नेताना पाणी सांडायला लागलं, जीभ जड झाली. एमआरआय जवळजवळ नॉर्मल आला. न्यूरॉलॉजिस्टनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली आणि तिचा रिपोर्ट बघून पोटाचं स्कॅन करायला सांगितलं. चालता येत नाही, तर पोट कशाला तपासायचं?

रिपोर्टमध्ये शब्द होता 'अँटी-यो'. स्कॅनमध्ये बीजांडकोशात लहानशी गाठ निघाली.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. लहान मेंदूत पर्किंजे पेशी असतात. यान पर्किंजे या चेक शास्त्रज्ञानं त्यांचं वर्णन १८३७ साली केलं. हालचालींचा मेळ त्या राखतात. त्यांच्यातली काही प्रथिनं गाठीतही तयार होतात. शरीर गाठीवर तुटून पडतं आणि तेच प्रथिन दिसलं म्हणून या पेशींवरही. रक्तातली प्रतिपिंडं ही त्याची खूण. पेशी मारण्याचं काम बहुधा टी-पेशी करतात. मेलेल्या पर्किंजे पेशी पुन्हा उगवत नाहीत.

ऑपरेशन झालं, केमो झाली. गाठ गेली, तोल परत आला नाही.

भेटायला येणारे गुळवेलीचा काढा आणायचे. "वहिनी, प्रतिकारशक्ती वाढवा." एकदा मी तडकले. म्हटलं, तिच्या प्रतिकारशक्तीनंच तर हे केलंय! काका ओशाळले. ते गेल्यावर आई अडखळत म्हणाली, "तिला कशाला बोल लावतेस? तिनं तिचं काम केलं." मला ते पटलं नव्हतं. अजूनही रोज पटत नाही.

'यो' म्हणजे काय, हे तिनंच मला शोधायला लावलं. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये जेरोम पोझनर आणि सहकारी या प्रतिपिंडांचा अभ्यास करत होते. ज्या रुग्णात प्रतिपिंड सापडलं, तिच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं त्याला दिली. 'हू' आणि 'री' ही नावंही तशीच.

"म्हणजे बाई होती," आई म्हणाली. "रिपोर्ट दाखव."

त्या शब्दावर बोट ठेवायला तिनं हात पुढे केला. बोट पलीकडे गेलं, मागे आलं, पुन्हा पलीकडे गेलं. मी तिचा हात धरणार होते. त्याऐवजी कागद सरकवून तिच्या बोटाखाली आणला.