अर्धी मोटार

रस्ते आखणाऱ्या अभियंत्याच्या दप्तरात वाहनांची प्रतवारी कायमची ठरलेली असते. इंडियन रोड्स काँग्रेसने 1990 साली शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात मोटार हे एकक मानून बाकीच्या वाहनांना तिच्या पटीत मूल्य दिलेले आहे. रहदारीतील त्यांचे प्रमाण दहा टक्के वा त्याहून अधिक असेल, तर बस किंवा मालट्रक 3.7, हातगाडी 3, टांगा 2 आणि सायकल 0.5, म्हणजे आमच्या लेखी सायकलस्वार ही अर्धी मोटार होय. नोकरीची सारी वर्षे मी हाच गुणक लावून चौकाचौकांतील गणतीचे तक्ते भरले, आणि तो आपल्या कामापुरता रास्तच आहे असे आजही मानतो, कारण रस्त्याची किती जागा अडते एवढाच प्रश्न त्याला विचारलेला असतो. परंतु निवृत्तीनंतर मोटार विकून, नावबदलाचे कागद परिवहन कार्यालयात रीतसर दाखल करून, मी कोथरूडहून पेठांत आणि पेठांतून शिवाजीनगरला सायकलने जाऊ-येऊ लागलो, तेव्हा ध्यानी आले की वाहन रस्त्याचे काय घेते ह्याची नोंद आमच्यापाशी आहे, पण रस्ता वाहन चालवणाऱ्याकडून काय वसूल करतो ह्याचा रकानाच आमच्या तक्त्यात नाही.

मोटारीच्या बाबतीत ही वसुली पेट्रोल परस्पर चुकती करते. सायकलच्या बाबतीत ती स्वाराच्या मांड्यांवर पडते, आणि म्हणून तिचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. स्वार आणि सायकल मिळून वजन नव्वद किलो व वेग ताशी सोळा किलोमीटर धरला, तर त्या गतीत साठलेली ऊर्जा सुमारे 890 ज्यूल भरते. ब्रेक दाबला की ती सर्व रबरी गुटक्यांत उष्णता होऊन नाहीशी होते आणि सिग्नल सुटल्यावर पुन्हा पदरची घालावी लागते. आता तेच नव्वद किलो वजन एक मीटर उंच चढवायचे झाले, तर त्यालाही जवळजवळ तितकेच, म्हणजे 880 ज्यूल लागतात. एक थांबा आणि एक मीटर चढ ह्यांची किंमत अशी सारखीच. तेवढ्याच श्रमात सपाट डांबरी रस्त्यावर साठएक मीटर अंतर सहज कापून होते. हे गणित शाळकरी मुलालाही यावे इतके सोपे आहे. पण ते पायांनी एकदा सोडवले की परिचयाच्या शहराचा नकाशा निराळाच दिसू लागतो.

पुणे सपाट आहे असे म्हणणारा इसम बहुधा मोटारीत बसलेला असतो. शहर मुठेच्या पात्रापासून दोन्ही अंगांना हलके हलके उंचावत जाते. डेक्कनहून कर्वे रस्त्याने कोथरूडकडे निघाले किंवा स्वारगेट सोडून कात्रजची वाट धरली, की हे सत्य गुडघे प्रथम सांगतात आणि नकाशावरील समोच्च रेषा मागाहून दुजोरा देतात. हे शहर सायकलींचे शहर म्हणून ख्यात होते, खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे सकाळी कामगारांच्या सायकलींचे लोंढे वाहत होते आणि प्राध्यापक महाशयही धोतराचा सोगा सांभाळीत पायडल मारीत होते, त्या काळच्या पुणेकराला ही चढउताराची विद्या आपसूक अवगत होती. सायकलचा कर भरून बिल्ला लावावा लागे, आणि रात्री दिव्यावाचून किंवा डबलसीट जाणारा सापडला तर पोलीस चाकाची हवा सोडून देई. ह्या अंमलाचा जाच होताच, तरी सायकल ही सरकारदरबारी दखल घेण्याजोगी चीज होती, हेही त्यातून दिसते. पुढे 1972 साली आकुर्डीहून चेतक स्कूटर निघू लागली आणि मध्यमवर्गाचे पाय पायडलावरून उठले ते उठलेच.

सायकलमार्गांविषयीची इंडियन रोड्स काँग्रेसची मूळ संहिता 1962 सालची आहे, आणि आमच्या क्षेत्रातील नियमावल्यांत इतकी सहृदय दुसरी मी पाहिलेली नाही. तीसास एक असा चढ असेल तर त्याची लांबी नव्वद मीटरांहून अधिक नसावी, पन्नासास एक असेल तर अडीचशे मीटर चालेल, अशी तीत मर्यादा घातलेली आहे. दोहोंचा गुणाकार केला तर तीन ते पाच मीटर उंची निघते, आणि एका दमात तेवढीच उंची चढणे सुसह्य असते. हे कलम लिहिणारा अभियंता स्वतः सायकलने कचेरीत जात असावा, असा माझा तर्क आहे.

त्यानंतर तरतुदी पुष्कळ झाल्या. 2006 च्या अखेरीस पुण्यात बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका सुरू झाली, तिच्या कडेने सायकलमार्गही आखले गेले. 2017 साली महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. पण मंजुरी नकाशाला मिळते आणि चाक फरसबंदीवरून जाते. प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी मार्ग वीतभर उतरतो व पुन्हा चढतो. त्या चढाच्या कडेला ठोकळे उखडलेले असले, की ब्रेक आला, म्हणजेच एक मीटर आला. गतिरोधकाचीही तीच कथा. 1988 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे तो 3.7 मीटर रुंद, दहा सेंटिमीटर उंच आणि सतरा मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने ओलांडता यावा अशीच त्याची रचना असल्याने सोळाच्या वेगाने जाणाऱ्यास तो नुसता अलगद उचलून ठेवतो. प्रत्यक्षात गल्लीतल्या रहिवाशांनी रातोरात घातलेला उंचवटा हातभर रुंदीचा, उभ्या कडांचा असतो आणि मोटारीपेक्षा सायकललाच अधिक थांबवतो. माझी सायकल जो कारागीर पाहतो त्याने एकदा मागचे चाक फिरवून तारा आवळता आवळता मला सुनावले, ‘‘आउट मी काढून देतो साहेब, पण तुमचा रस्ता तो रोज परत घालतोय.’’ ह्याहून नेमका रस्ते-पाहणी अहवाल माझ्या वाचनात नाही.

मोटार सोडणाऱ्यांना इव्हान इलिच ह्या विचारवंताचा आधार घेण्याची फार हौस असते. त्याने 1974 सालच्या आपल्या पुस्तिकेत, मोटारीसाठी पैसे मिळविण्यात गेलेले तासही प्रवासात धरून अमेरिकन माणसाचा खरा वेग ताशी पाच मैलांहून कमी काढला होता. युक्तिवाद चतुर आहे, पण आजारी माणसाला रात्री इस्पितळात न्यायचे असेल तेव्हा तो कामाचा नाही. तेव्हा मी शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारतो आणि मला त्यात तत्त्वच्युती वाटत नाही.

मला रोज पडणारा प्रश्न याहून लहान आहे. पेठांत उतरायला लकडी पूल घ्यावा की भिडे पूल? लकडी पूल वरून जातो, चढ नाही. पण अलीकडे खंडोजीबाबा चौकाचा सिग्नल आणि पलीकडे अलका चौकाचा, म्हणजे दोन मीटर खर्ची पडले. भिडे पूल खुला असेल तेव्हा रस्ता थेट नदीपात्रालगत उतरतो, उताराची गती पलीकडच्या चढाचा काही भाग फुकट चढवून देते आणि उरलेला माझ्या अंदाजाने दोन थांब्यांच्याच तोडीचा असतो. हिशेब बरोबरीत सुटतो, तरी मी भिडे पूल पत्करतो, कारण चढ चढताना निदान पुढच्या बसचा धूर नाकात जात नाही. पावसाळ्यात खडकवासल्याचा विसर्ग वाढून पूल पाण्याखाली गेला, की निवडीचा प्रश्नच मिटतो; मग लकडी पूल, दोन सिग्नल आणि तो धूर.