दहावा दिवस

आमच्या लिखाणातील 'आम्ही' या पत्रिकेच्या वाचकांना नवा नाही. सौभाग्यवतींची मात्र त्याविषयी जुनी तक्रार आहे. "लिहिताना आम्ही-आम्ही म्हणता आणि चहा मागताना एकच कप मागता," असे ती आजही म्हणते. छत्तीस वर्षे आम्ही या तक्रारीकडे हसून दुर्लक्ष केले. २०१९ सालच्या फाल्गुनात इंदूरच्या एका रुग्णालयात तिच्या उशाशी काही रात्री काढल्या, त्यानंतर ते तितकेसे जमेनासे झाले.

त्या वर्षीच्या जानेवारीत तिच्या डाव्या स्तनातील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची निघाली, आणि दर एकवीस दिवसांनी एक अशा चार केमोथेरपी ठरल्या. त्यांतील एक औषध लालभडक असते. ते नळीतून शिरेत उतरताना पाहून ती म्हणाली, "कोकमाचं सरबत दिसतंय." आम्हांला हसू आले नाही. डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून समजावले होते की, हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारते; त्यात कर्करोगाच्या पेशी जातात तशा अस्थिमज्जेतल्याही जातात, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान अगदी तळाला पोहोचतात. "दहाव्या दिवसाच्या आसपास सांभाळा. ताप १००.४ अंशांवर गेला तर रात्र-दिवस पाहू नका, गोळी देऊन वाट पाहू नका, सरळ निघून या."

घरी येऊन हे सांगितले तेव्हा आमच्या वहिनींनी कानांवर हात ठेवले. "दहावा म्हणू नका हो भाऊजी. घरात आजारी माणूस आहे." तेव्हापासून आमच्या घरी त्या दिवसाला 'नवाच्या पुढचा' म्हणू लागले. पहिल्या केमोचा नवाच्या पुढचा दिवस निर्विघ्न पार पडला, आणि आम्ही, अशा वेळी माणसे होतात तसे, थोडे निर्धास्त झालो.

दुसऱ्या वेळी तो दिवस रंगपंचमीच्या आदल्या दिवशी आला. रामबागेतल्या आमच्या घरात पुतण्याची मुले पिचकाऱ्या दाखवायला आली होती. त्यांना दारातूनच परत पाठवताना सौ. खिडकीतून हात हलवत होती. सायंकाळी सात वाजता ती पलंगावर पडलेली दिसली म्हणून आम्ही कपाळाला हात लावला. कपाळ ऊन लागले. "उन्हाचं आहे, पड जरा," असे आम्ही म्हणालो. थर्मामीटर चार पावलांवर, कपाटात होता.

रात्री अकराच्या सुमारास तिला अशी हुडहुडी भरली की पलंग वाजू लागला. आता मात्र पारा पाहिला. १०२.

"केव्हापासून आहे?"

"साडेसहापासून कणकण होती. पॅरासिटामॉलची एक गोळी घेतली."

"सांगितलं का नाहीस?"

"उद्या गेर. सगळे रस्ते बंद. म्हटलं, तुमची धावपळ कशाला..."

तिने ताप लपवला आणि आम्हांला तो हाताला लागूनही दिसला नाही. दोघांनी एकमेकांना सांभाळण्यात साडेचार तास घालवले होते.

पुतण्याने गाडी काढली. राजवाड्यावरून जाताना दिसले की, दुसऱ्या दिवशीच्या रंगापासून वाचवण्यासाठी वाड्याला ताडपत्र्या गुंडाळल्या होत्या. एरवी आम्ही इंदूरकर या दृश्याने उल्हसित होतो. त्या रात्री तो वाडा आम्हांला आजारी दिसला.

रुग्णालयाचे नाव येथे देत नाही. खिडकीवरच्या माणसाने अर्ज पुढे केला, अनामत रक्कम सांगितली आणि 'रुग्णाशी नाते' या रकान्यावर बोट ठेवले. आम्ही अर्ज सुवाच्य अक्षरात भरला. बँकेतील चौतीस वर्षांच्या नोकरीने एवढे तरी शिकवले होते! विचारले तेव्हा सांगितले, "बुखार है, ठंड लग रही है." इंदुरात मार्चमध्ये ताप कुणाला येत नाही? आम्हांला बाकावर बसवण्यात आले. चाळीस मिनिटांनी एक तरुण डॉक्टर तेथून जाताना सौ.च्या डोक्यावरचा रुमाल पाहून थबकला. "कीमो चल रही है? कौन सा दिन?" आम्ही म्हणालो, "दसवां." तो खिडकीकडे वळून काय ओरडला ते लिहीत नाही, पण पुढच्या दहा मिनिटांत ती खाटेवर होती, कल्चरसाठी दोन ठिकाणांहून रक्त काढले गेले होते आणि प्रतिजैविकाची बाटली टांगलेली होती. त्या खिडकीवर आमचा राग अजून आहे. परंतु घरात जो शब्द आम्ही टाळत होतो तोच तेथे पहिल्या वाक्यात उच्चारायला हवा होता, हेही तितकेच खरे. केमोचा दहावा दिवस, ताप १०२. एवढेच वाक्य.

रक्ताचा अहवाल पहाटे आला. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असाव्यात, त्या सातशे होत्या. त्यांतल्या जंतूंशी झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दोनशेही नव्हत्या. रक्तदाब उतरला होता. सलाइन वेगाने सोडले. आम्ही शेजारी बसून बोलत राहिलो. सगळं ठीक होईल, घाबरू नकोस, चिरंजीव पुण्याहून निघाला आहे, डॉक्टर चांगले आहेत, पुन्हा सगळं ठीक होईल. किती वेळ बोलत होतो कुणास ठाऊक. तिने डोळे उघडले.

"अहो, मला धीर देऊ नका. तुम्ही धीर दिलात की मला बरं दिसावं लागतं. आत्ता तेवढी ताकद नाही. ओठांना पाणी लावा."

आम्ही कापूस भिजवून ओठांना लावला. त्यानंतर सकाळपर्यंत एक अक्षर बोललो नाही.

लग्नापासून आम्ही तिला धीर देत आलो होतो: सासूबाई गेल्या तेव्हा, चिरंजीवांची नोकरी सुटली तेव्हा, गाठीचा अहवाल आला तेव्हा. त्या प्रत्येक वेळी आम्हांला बरे वाटावे म्हणून ती उठून कामाला लागली होती काय? हे विचारण्याची ती वेळ नव्हती, आणि पुढे ती वेळ आम्ही काढलीही नाही.

सकाळी परिचारिकेकडून एक कोरी वही मागून घेतली. दर दोन तासांनी ताप, किती पाणी प्याली, लघवी किती मिलिलिटर, कोणती बाटली किती वाजता लागली, हे लिहू लागलो. लघवी मोजण्याचे भांडे आम्ही जन्मात हाती धरले नव्हते. पाळी बदलून आलेल्या नव्या डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली, तेव्हा आम्हांला जो अभिमान वाटला तो कोणताही निबंध छापून आल्यावर वाटलेला नाही. (संपादकांनी क्षमा करावी.)

बाहेर रंगपंचमी होती. पेशी वाढवणारे एक इंजेक्शन लिहून दिले होते, ते रुग्णालयाच्या दुकानात संपलेले. ते दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. बंद बाजारातून चालत दोन दुकाने पालथी घातल्यावर तिसऱ्याने अर्धे शटर उघडून ते बर्फासह थर्माकोलच्या डब्यात दिले. डबा छातीशी धरून परत येताना एका टोळक्याने आम्हांला गुलालाने न्हाऊ घातले. त्यांचे काय चुकले? सणाच्या दिवशी वृद्ध माणूस डबा घेऊन रस्त्यात दिसला!

दारातच परिचारिकेने अडवले. "बाबूजी, ये कुर्ता अंदर नहीं जाएगा." दुसरा कुर्ता नव्हता. वॉर्डबॉयने शस्त्रक्रियेचा हिरवा झगा आणून दिला. हातपाय, तोंड, केस धुऊन, मुखपट्टी लावून, त्या पाठीमागे बांधायच्या झग्यात आम्ही खाटेजवळ उभे राहिलो. तिने आम्हांला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले.

"ऑपरेशन तुमचं आहे का?"

आणि हसली. ते हसणे आमच्यासाठी नव्हते, हे आम्हांला कळले; तिला खरोखरच हसू आले होते.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पेशी पाचव्या दिवशी वर आल्या, सहाव्या दिवशी घरी सोडले. मधल्या दिवसांत आप्तेष्ट फुले आणि फळांच्या करंड्या घेऊन आले आणि दारातूनच परतले. काहींनी मनाला लावून घेतले. वहिनींनी मात्र दारातच स्वच्छ शब्दांत विचारले, "दहाव्या दिवशी आणलंत ना? बरं केलंत."

तिसऱ्या केमोनंतर ते इंजेक्शन दुसऱ्याच दिवशी, आधीच देण्यात आले. दहाव्या दिवशी सायंकाळी साडेसहाला तिने स्वतः थर्मामीटर मागितला. पारा ९८.८. आम्ही वहीत नोंद केली.

"आता तुमचा."

"आमचा कशाला?"

"लावा म्हणते ना."

आमचा ९८.४ निघाला. तोही तिने वहीत, तिच्या आकड्याखाली, लिहायला लावला. मग म्हणाली, "चहा टाका. दोन कप."