मुरुडचे घर विकताना

दापोलीच्या मुरुडातले वडिलोपार्जित घर विकायला निघते तेव्हा पहिली ओढाताण सातबाऱ्यावर होते. हे मुरुड जंजिऱ्याचे नव्हे. हर्णैच्या दक्षिणेचे, दुर्गादेवीचे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. रस्त्याकडेला चिऱ्याचा गडगा, आत शेणाने सारवलेले खळे, ओटी, माजघर आणि मागे समुद्राच्या अंगाला उतरत गेलेली माडा-पोफळींची वाडी. पाहणाऱ्याला हे सगळे एकच वाटते. कागदावर मात्र घर ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर असते, जमीन सातबाऱ्यावर, विहीर दोन घरांत सामाईक, आणि वाडीत जायची वाट चुलत्यांच्या हिश्श्यातून.

सातबाऱ्यावर अनेकदा आजोबांचेच नाव असते, त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांआड मुंबईतले काका, पुण्यातली आत्या, बडोद्याला गेलेली एक शाखा आणि अमेरिकेतला नातू असे सगळे उभे असतात. चाळीस वर्षे वारस नोंद कुणी केलेली नसते, कारण घर विकायचे कुणाच्या मनात नव्हते. मग गिऱ्हाईक दारात आल्यावर वंशावळ लिहायला घेतली जाते, मृत्यूचे दाखले शोधले जातात, तलाठ्याकडे फेऱ्या सुरू होतात आणि प्रत्येक फेरीगणिक घरातल्या माणसांचे आवाज चढतात. घरविक्रीतला निम्माअधिक मनस्ताप या क्रमाच्या उलटापालटीतून येतो. आधी वारस नोंद, मग फेरफार, मग मोजणी आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाईक, असा क्रम ठेवला तर काम तितकेच राहते, पण ते कुणाच्या डोक्यावर तारीख टांगून करावे लागत नाही.

वारसांच्या या नावांमध्ये लेकींची नावे येतात आणि तिथे कुटुंबाची खरी कसोटी लागते. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर सर्वच मुलींना मिळाला. 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. तरीही हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे येतो तो बहुधा व्यवहार ठरल्यावर, ‘ताई, एवढी सही करून दे’ म्हणून. ती सही करते किंवा करत नाही. दोन्ही वेळा काहीतरी दुखावते. तिच्या दृष्टीने त्या दिवशी हिश्श्याबरोबर माहेरही संपत असते. तिला पहिल्या बैठकीपासून बोलावणे, आकडे तिच्यासमोर मांडणे आणि हिस्सा घ्यायचा की सोडायचा हे तिच्यावर सोपवणे, हा कायद्याचा भाग आहेच. त्याहून अधिक तो सभ्यतेचा भाग आहे. जे हिस्सेदार घर राखू इच्छितात त्यांनाही आधी विचारावे लागते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 22 व्या कलमाने वारसाने आलेल्या मिळकतीत सहवारसांना खरेदीचा अग्रहक्क दिला आहे. घर चुलतभावाकडे गेले तर कधी चार पैसे कमी मिळतात, पण गणपतीला यायला ओटी राहते.

किमतीचा ताण वेगळ्या जातीचा. मानसशास्त्रज्ञ काहनेमान आणि अर्थशास्त्रज्ञ नेत्श व थेलर यांनी 1990 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, आणि ज्यांच्या हाती मग आला त्यांनी तो विकायला सांगितलेली किंमत ही विकत घेणारे देऊ करत असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. तो मग त्यांच्या हाती तर थोडाच वेळ होता. इथे पणजोबांनी लावलेले माड आहेत. मालकाच्या हिशेबात आजीचे बाळंतपण, भावाची मुंज, मेमधल्या दुपारी असे सगळे येते. गिऱ्हाईक मात्र रस्त्याची रुंदी आणि भरतीरेषेपासूनचे अंतर विचारते. त्याचे विचारणे रास्त आहे. 1991 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेपासून भरतीरेषेलगतच्या 500 मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आले आणि पुढे नियम बदलत गेले तरी समुद्राकाठच्या वाडीवर वाटेल ते बांधता येत नाही. वाडी शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल तर घेणाराही सहसा शेतकरी असावा लागतो. या गोष्टी आधीच ठाऊक असल्या, की समोरच्याने सांगितलेला आकडा अपमानासारखा लागत नाही.

कित्येक घरांत विक्रीचा विषय 3 जून 2020 नंतर निघाला. निसर्ग चक्रीवादळाने त्या दिवशी दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरची कौले उडवली, पोफळी मोडल्या, माड उन्मळून पाडले. पोफळ लावल्यापासून उत्पन्नाला यायला काही वर्षे जातात, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ती वर्षे कुठून आणावीत? दर पावसाळ्याआधी कौले चाळायला माणूस मिळत नाही, शिंपण्याला मिळत नाही. अशा वेळी घर विकणाऱ्याला गावाने किंवा नातलगांनी नावे ठेवणे अन्यायाचे आहे. मुरुडला दुरावा तसा नवा नाही. 1893 साली कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. घर होते, आई होती, पण उंबरठा मोकळा राहिला नाही. घर हातचे न जाताही माणूस त्यातून उठवला जातो, याची नोंद या गावाच्या इतिहासात आहे.

दुःख होते हे मात्र मान्य करायला हवे. बोस्टनच्या वेस्ट एंड वस्तीतून उठवलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून मार्क फ्राइड यांनी 1963 मध्ये लिहिले, की घर गमावलेल्यांची अवस्था माणूस गमावलेल्यांसारखी असू शकते. ती माणसे सक्तीने उठवली गेली होती. इथे आपणच सही करतो, म्हणून शोक करायचा हक्क नाही असे अनेकांना वाटते. तो हक्क आहे. त्यासाठी व्यवहाराच्या गडबडीतून वेगळे काढलेले चार दिवस लागतात, सगळी भावंडे एकत्र असलेले.

त्या चार दिवसांत सामान निघते. माळ्यावरून हांडे, घंगाळ, फणसाच्या लाकडाचे पाट, आंबे उतरवायचा झेला खाली येतो. माजघरातल्या खांबाला रवीच्या दोरीने पडलेली खाच बोटाला लागते. तीन पिढ्यांच्या बायकांनी ताक घुसळून ती पाडलेली, गुळगुळीत, अंगठा बसेल एवढी. खांब काढून नेता येत नाही. घंगाळ मात्र नेता येते, आणि वाटणी आधी झाली नाही तर तेच घंगाळ शेवटच्या सकाळी मोडीत किलोवर जाते. कुणी काय न्यायचे हे कागदावर लिहून ठेवणे कोरडे वाटते, पण त्याने रुसवे वाचतात.

देवांचा प्रश्न सर्वांत नाजूक. देवघरातले शाळिग्राम, बाळकृष्ण, अन्नपूर्णा कुणाकडे जाणार, गणपती पुढल्या वर्षी कुठे बसणार, शिमग्यात पालखी आली तर तिच्यापुढे नारळ कोण ठेवणार? याची उत्तरे नसतात म्हणून कित्येक व्यवहार वर्षानुवर्षे अडतात, आणि कारण मात्र किमतीचे सांगितले जाते. गुरुजींना विचारून, वडीलधाऱ्यांच्या समोर, देव हलवायचा दिवस विक्रीच्या बऱ्याच आधी ठरवला, की घरातल्या वृद्धांचा जीव पुष्कळ हलका होतो.

उरते ते कचेरीचे काम. विसार घेतल्यावर साठेखत, मग खरेदीखत. दस्त सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नोंदणीला हजर करावा लागतो. परदेशातल्या हिस्सेदाराचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून करून आणायला वेळ लागतो, तेव्हा ते सुरुवातीलाच मागवावे. कर प्रत्येक हिस्सेदाराला आपापल्या वाट्यावर भरायचा असतो. 2001 पूर्वीच्या घरासाठी 1 एप्रिल 2001 ची रास्त किंमत आधार धरता येते, आणि तो दाखला मूल्यांकनकाराकडून विक्रीपूर्वी घेतलेला बरा.

नोंदणीच्या दिवशी अंगठा, फोटो आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार. एवढ्यात नोंदणी होते. त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर करेपर्यंत सातबाऱ्यावर जुनीच नावे राहतात, आणि महावितरणचे बिल व घरपट्टीही नाव बदलेपर्यंत जुन्याच मालकाला येत राहतात. त्या बदलांचे अर्ज खरेदीखताच्याच आठवड्यात द्यावेत.