इंजिनाखालचं रबर

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे गावाकडची मंडळी काय मागतील याचा नेम नाही. हिंग, रजया, स्वेटर इथपर्यंत ठीक. पण माझ्या मालवणच्या मामेभावाने गेल्या गणपतीत मागितलं ते वॉटर स्कूटरच्या इंजिनाचं माउंटिंग! "ताई, तुमच्या काश्मिरी गेटला गाड्यांचं सगळं मिळतं म्हणतात. जरा बघशील का?"

तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणायची, हा त्याचा धंदा. पावसाळ्यात तो बंदच. खरी कमाई दिवाळीच्या सुट्टीत, आणि कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने. (जेट स्की हे खरं तर कावासाकी कंपनीच्या वाहनाचं नाव, किनाऱ्यावर सगळ्याच स्कूटरना तसं म्हणतात.)

हे माउंटिंग म्हणजे काय, ते मला त्यानेच फोनवर समजावलं. इंजिन स्कूटरच्या तळाला थेट आवळलेलं नसतं. ते रबराच्या जाड ठोकळ्यांवर बसतं. त्याच्या स्कूटरला असे चार ठोकळे आहेत. इंजिनाची थरथर हे रबर शोषून घेतं. मोटारींत ही युक्ती १९३१ साली क्रायसलर कंपनीने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने गाजवली होती.

पण खवळलेल्या पाण्यात रबराची खरी परीक्षा होते. इंजिनापासून मागच्या पंपापर्यंत एक सरळ दांडा जातो. पंप सांगाड्याला पक्का आणि इंजिन रबरावर. लाटेवरून उडालेली स्कूटर धप्पकन आपटली की इंजिनाचा सगळा भार रबरावर येतो. रबर मऊ पडलेलं असलं किंवा त्याची लोखंडी पट्टी सुटलेली असली, तर इंजिन हलतं आणि दांड्याची रेषा चुकते. मग जोडातलं रबर झिजतं, दांडा थरथरतो, त्याच्याभोवतीचं सील खराब होतं आणि समुद्राचं पाणी आत शिरू लागतं. मागे लाइफ जॅकेट घालून बसलेल्या पाहुण्याला यातलं काही दिसत नाही.

"मग सगळ्यात कडक रबर घे की!" इति आमचे हे. पण तसं केलं तर थरथर सांगाड्यात उतरते, बोल्ट ढिले होतात, चालवणाऱ्याच्या हाताला मुंग्या येतात. शर्यतीत एकटे उडणारे, दर थोड्या दिवसांनी इंजिन उघडणारे लोक कडक रबर खुशाल वापरोत. ज्याच्या मागे कुणाचं तरी लेकरू बसणार आहे, त्याने कंपनीने ठरवलेल्या कडकपणाचंच, पण नवंकोरं रबर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत झालं.

काश्मिरी गेटच्या दुकानदाराने कुठल्याशा मोटारीचं माउंटिंग पुढे केलं. "मॅडम, रबर तो रबर होता है. छेद भी बराबर है." छिद्रं जुळतही होती. उंचीत मात्र थोडा फरक होता, आणि तेवढ्यानेही दांड्याची रेषा बिघडते. शिवाय रबर किती कडक आहे, हे अंगठ्याने दाबून कळत नाही. त्यासाठी 'शोअर' नावाचं माप असतं आणि दुकानदाराला ते ठाऊक नव्हतं. मी रिकाम्या हाताने मेट्रोत बसले.

शेवटी भावाने पार्ट नंबर देऊन कंपनीच्या विक्रेत्याकडूनच चारही मागवली. बिल पाहून मामी दोन दिवस बोलली नाही. एकच फाटलं होतं तरी चारही बदलावी लागली, कारण जुनी तिन्ही दबून खाली गेली होती. मिस्त्रीने ठोकळ्यांखाली पातळ पत्रे सरकवून रेषा जुळवली. त्यातच अख्खा दिवस गेला.

आता दर आठवड्याला तो सीट उचलून इंजिन हाताने रेटून पाहतो. रबरावर तेल सांडलं असेल तर लगेच पुसतो, कारण तेलाने रबर फुगतं. चीर दिसली तर ती स्कूटर त्या दिवशी वाळूतच राहते, गिऱ्हाइकांची रांग कितीही मोठी असो.