वाट एकच उरते तेव्हा

एखादे साधन हाताशी असणे आणि त्या साधनावाचून हातच न चालणे या दोन निराळ्या अवस्था आहेत. पहिलीला सोय म्हणतात, दुसरीला परावलंबन, आणि समाज पहिलीतून दुसरीत केव्हा गेला हे बहुधा साधन बंद पडल्यावरच कळते. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावाकडे या दृष्टीने पाहावे. सातबारा संगणकावर आला, 2021 पासून शेतकऱ्याने मोबाईलवर छायाचित्र काढून स्वतःच पिकाची नोंद करावी अशी 'ई-पीक पाहणी' आली, रेशन ई-पॉस यंत्रावर अंगठा लावून मिळू लागले आणि 2025 च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागू लागली. यांतील प्रत्येक सुधारणेने हेलपाटे वाचवले, हे नाकारता येणार नाही. परंतु जमीन, पीक, धान्य आणि विक्री ही सारी आता वीज, रेंज आणि सर्व्हर, म्हणजे दूरवर नोंदी सांभाळणारा संगणक, या एकाच धाग्याला बांधली गेली आहेत.

जटिल यंत्रणा म्हणजे जिचे भाग एकमेकांत असे गुंतलेले असतात की एकाचा बिघाड त्याच्यापुरता राहत नाही. फुलसावंगीने हे सत्य फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ऑगस्ट 2021 मध्ये गावातील एक तरुण कारागीर स्वतः घडवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत असताना मागचा पंखा तुटून मुख्य पात्यावर आदळला आणि त्या अपघातात त्याचा जीव गेला. त्या यंत्राचे सांधे त्याच्या स्वतःच्या हातचे होते, तरीही एका भागाने घात केला. मग जिचा प्रोग्रॅम एकाचा, संगणक दुसऱ्याचा, जोडणी तिसऱ्याची आणि जिचा प्रत्येक सांधा ठाऊक असलेला एकही माणूस कोठे नाही, अशा यंत्रणेवर गावाचा सारा व्यवहार सोपवताना किती सावध राहायला हवे?

ही भीती काल्पनिक नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा चोरांनी तिजोरी फोडली नाही. एटीएमची मागणी बँकेकडे नेणाऱ्या 'स्विच' नावाच्या दुव्याच्या जागी त्यांनी बनावट दुवा उभा केला, खोट्या मागण्यांना तोच होकार देत राहिला आणि त्या हल्ल्यात एकूण सुमारे 94 कोटी रुपये गेले. 19 जुलै 2024 रोजी तर कोणी हल्लाही केला नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीतील एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे 85 लाख संगणक बंद पडले.

बंद पडलेले यंत्र निदान दिसते. त्याहून घातक ते, जे चालू असताना खोटे बोलते. यवतमाळ जिल्ह्यातच, आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या दीड हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाच्या नावावर 2025 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात 27 हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. गावातल्या कोणत्याही माणसाला ही नोंद अशक्य आहे हे क्षणात कळले असते. पण ती लिहिताना गावाच्या डोळ्यांची गरजच उरली नव्हती.

खरा धोका येथे आहे. जुन्या दप्तरातही चुका आणि लबाड्या होत, परंतु तलाठ्याला गाठता येत असे, पंचनाम्याला चार माणसे साक्षीला असत. आज कापूस वेचून आणि निंदणखुरपण करून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, तेव्हा तिला ओळखणारे सारे गाव समोर उभे असूनही तिची ओळख पटत नाही, आणि 'सर्व्हर डाऊन आहे' या उत्तरापुढे दाद मागायला माणूसच सापडत नाही.

तंत्रज्ञान नाकारणे हा यावरचा उपाय नव्हे. दुसरी वाट उघडी ठेवणे हा आहे. जुलै 2024 मध्ये संगणक बंद पडले त्या दिवशी भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले आणि अनेक विमाने उडाली. जे विमानतळाला शक्य झाले ते रेशन दुकानाला आणि कापूस खरेदी केंद्राला अशक्य नाही. यंत्र अडले तर वहीत नोंद घेऊन काम पुढे नेण्याचा अधिकार गावपातळीवरील जबाबदार माणसाला लेखी मिळावा आणि गावाच्या नावावर झालेल्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवल्या जाव्यात, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून केली पाहिजे.